चित्रजिज्ञासा : अमूर्त तैलचित्रातील चिन्हे आणि अवकाश

मागील अंकाच्या मुखपृष्ठावर वासुदेव गायतोंडे यांच्या 1970च्या दशकातील एका पिवळ्या तैलचित्राचे छायाचित्र छापले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे : ज्या चित्रात ओळखीचे काहीच नाही, त्याचा अर्थ लावायचा कसा? काही पत्रे थेट गायतोंडे यांच्याविषयी आहेत, काही सय्यद हैदर राझा यांच्या बिंदूविषयी, तर एक घरातल्या भिंतीविषयी आहे. निवडक पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुखपृष्ठावरील चित्राच्या मध्यभागी जे आकार आहेत ते मला मोडी अक्षरांसारखे वाटतात. आमच्या यजमानांचे म्हणणे असे की पिवळा रंग म्हणजे सूर्य आणि ते आकार म्हणजे ॐकाराची खंडित रूपे. आमच्यापैकी कोणाचे बरोबर मानायचे? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : निवाडा द्यायचाच झाला तर तो आपल्या बाजूने झुकेल, मात्र तो आपल्याला अपेक्षित असलेल्या कारणासाठी नाही.

गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपूरचा, घराणे मूळचे गोव्याचे आणि बालपण गिरगावातल्या चाळीतले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 साली त्यांनी पदविका घेतली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच्या त्यांच्या चित्रांत माणसे आहेत, घरे आहेत, भारतीय लघुचित्रांतली सपाट रंगक्षेत्रे आहेत आणि पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या रेषेचा प्रभावही स्पष्ट दिसतो. दशक संपत आले तसतशी ओळखीची वस्तू त्यांच्या कॅनव्हासवरून हळूहळू नाहीशी झाली आणि पुढे आयुष्यभर ती परत आली नाही. आपल्या चित्रांना कोणी ‘अमूर्त’ म्हटले तर त्यांना ते रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे त्यांचे म्हणणे असे. यामागचा विचार आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. एखादे झाड किंवा डोंगर घेऊन त्याचे तपशील गाळत गेल्यावर जे उरते, त्याच्यामागे मूळ वस्तू उभी असते आणि पाहणाऱ्याला ती शोधून काढता येते. गायतोंडे यांच्या चित्रामागे अशी मूळ वस्तूच नसल्यामुळे ‘हे कशाचे चित्र आहे’ या प्रश्नाला उत्तर लपवून ठेवलेले नाही. ते अस्तित्वातच नाही.

मग ते आकार आले कोठून? पॅलेट नाइफ (रंग लावण्याची आणि खरवडण्याची बोथट, लवचीक सुरी) आणि रोलर ही गायतोंडे यांची मुख्य साधने होती. वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे कागद फाडून त्यांचे तुकडे ते ओल्या रंगावर ठेवीत, दाबीत आणि उचलून घेत. कागदाबरोबर थोडा रंग निघून येई, थोडा खाली राही, आणि त्यातून आकाराची एक कड धारदार, तर दुसरी विरघळल्यासारखी होई. अशा चित्राजवळ गेलात तर एका बाजूला रंग किंचित सरकून साचलेली बारीक कड दिसते आणि दुसऱ्या बाजूला तोच आकार कॅनव्हासच्या विणीत जिरून गेलेला असतो. म्हणजे हे आकार लेखणीने लिहिलेले नव्हेत. रंग बसवणे आणि रंग काढून घेणे या क्रियांनी मागे ठेवलेले ते अवशेष आहेत.

आता मोडीचे साम्य पाहा. मोडी लिहिताना हात शक्यतो उचलत नाहीत, अक्षर अक्षराला धरून पुढे धावते. चित्रातले आकार मात्र एकमेकांपासून सुटे आहेत, काही अंतराने थांबलेले आहेत, आणि त्यांच्यामधली रिकामी जागा त्यांच्याइतकीच बोलकी आहे. साम्य जेथे मोडते तेथे आपण चित्र अधिक बारकाईने पाहू लागतो. आपले निरीक्षण मला उपयोगी वाटते ते यासाठी. लिपीची लय आहे आणि वाचण्यासारखा शब्द नाही, ही अवस्था त्या आकारांमध्ये खरोखरच आहे. आपल्या यजमानांच्या अर्थाची अडचण अशी की तो एकदा लावला की पाहण्यासारखे काही उरत नाही. शिवाय पिवळा हा सूर्यच असता तर प्रकाशाला एखादे उगमस्थान असते. या चित्रात प्रकाश एका ठिकाणाहून पसरत नाही, सगळ्या पृष्ठभागाच्या आतून सारखाच वर येतो. हे पाहिले की सूर्याचा अर्थ आपोआप गळून पडतो.

गायतोंडे यांना झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या विचाराची ओढ होती, हे खरे आहे, आणि त्यामुळे प्रदर्शनांतल्या माहितीफलकांवर दर दुसऱ्या ओळीत ‘ध्यान’ आणि ‘शांतता’ हे शब्द भेटतात. सूर्याच्या जागी ध्यान बसवल्याने आपण फारसे पुढे जात नाही, असे माझे मत आहे. कोणतेही चिन्ह ‘म्हणजे काय’ हे विचारण्याआधी ते कॅनव्हासवर कोठे आहे, कशावर टेकले आहे आणि त्याच्याभोवती किती जागा सोडलेली आहे, हे विचारावे.

प्रश्न : आमचे सर चित्र पाहून म्हणतात, ‘अवकाश नाही आला.’ यथार्थदर्शनच (दूरच्या वस्तू लहान दाखवून खोली भासवण्याची पद्धत) नसेल तर अवकाश येणार कोठून? उष्ण रंग पुढे येतात आणि शीत रंग मागे जातात, एवढे सूत्र पुरेसे आहे का? (कला महाविद्यालयातील विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : सूत्र अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असलेले सूत्र परीक्षेपुरते बरे असते. एक प्रयोग करून पाहा. कॅनव्हासवर मातकट, मळलेल्या तांबड्याचे मोठे क्षेत्र रंगवा आणि त्याच्यावर स्वच्छ, उजळ निळ्याचा छोटा, धारदार कडांचा तुकडा ठेवा. निळा शीत असूनही तो ठळकपणे पुढे येईल. आता त्याच निळ्याच्या कडा बोटाने किंवा कोरड्या ब्रशने तांबड्यात विरघळवा. रंग तोच असूनही तो मागे सरकेल. पुढे-मागे ठरवण्यात रंगाच्या उष्ण-शीतपणापेक्षा उजेड-अंधारातले अंतर, कडेचा धारदारपणा, एका आकाराने दुसऱ्याला झाकणे आणि पृष्ठभागाची चमक यांचा वाटा बहुधा मोठा असतो. हान्स हॉफमन हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला चित्रकार आणि शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना रंगक्षेत्रांमधल्या ढकलण्या-ओढण्याविषयी शिकवीत असे. त्याचा मुद्दा हाच होता की सपाट कॅनव्हासवरची खोली शेजारी ठेवलेल्या रंगांच्या ताणातून निर्माण होते, एकट्या रंगाला ठरावीक अंतर नसते.

तैलरंगात यापलीकडचीही एक गोष्ट घडते आणि आपल्या सरांच्या मनात बहुधा तीच असावी. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाणी उडून वाळावे तसा वाळत नाही. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थर आतपर्यंत वाळायला महिनेच्या महिने आणि कधी वर्षेही लागतात. या संथपणामुळे चित्रकाराला रंग लावणे, थांबणे, पुसणे, खरवडणे आणि पुन्हा लावणे यासाठी वेळ मिळतो, आणि खालचा थर वाळल्यावर त्याच्यावर तेलाने पातळ केलेला पारदर्शक रंग चढवता येतो. अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, अलिझरिन हे रंग पारदर्शक जातीचे आहेत. कॅडमियम रंग आणि टायटॅनियम पांढरा झाकणारे. पारदर्शक थरावर पडलेला उजेड त्याच्यातून खाली जातो, तळच्या फिकट थरावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून गाळून बाहेर येतो. उथळ स्वच्छ पाण्याखालचा दगड जसा पाण्यातूनच रंग घेऊन दिसतो, तसा तळचा थर वरच्या थरातून दिसतो. ही खोली काढलेली किंवा भासवलेली नसते. उजेडाने खरोखर पार केलेली असते, मग ती मिलिमीटरच्या काही अंशांचीच का असेना.

गायतोंडे यांनी या गुणधर्माचा जेवढा संयमाने उपयोग केला तेवढा आपल्याकडे क्वचितच कोणी केला असेल. वर्षाकाठी पाच-सहा चित्रे, इतकाच त्यांचा वेग असे. साठीच्या दशकातल्या त्यांच्या पुष्कळ चित्रांत आडव्या पट्ट्यांमुळे समुद्र आणि क्षितिज यांचा भास होतो. 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तेथे अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्को यांच्याशी त्यांची भेट झाली. नंतरच्या काळात त्यांचा कॅनव्हास प्रामुख्याने उभा झाला. आडव्या कॅनव्हासवर नजर डावी-उजवीकडे फिरत क्षितिज शोधते, आणि क्षितिज सापडले की आपण नकळत भूदृश्य पाहू लागतो. उभ्या कॅनव्हासवर ती सोय राहत नाही. नजर वर-खाली होते, आकार जमिनीवर उभे राहण्याऐवजी तरंगू लागतात. कॅनव्हास उभा करण्यासारख्या साध्या निर्णयाने चित्राचा सगळा अवकाश बदलतो, हे आपण स्वतःच्या चित्रावर तपासून पाहावे.

आणखी एक बारकावा. जेथे वरचा थर नाइफने खरवडलेला असतो, तेथे खालचा, म्हणजे आधी लावलेला रंग उघडा पडतो. डोळ्याला मात्र तो उघडा भाग अनेकदा वर ठेवलेल्या आकारासारखा दिसतो. जे आधीचे ते पुढे आणि जे नंतरचे ते मागे, अशी उलटापालट होते, आणि नजर या दोहोंत येरझाऱ्या घालत राहते. चित्र संपल्यासारखे वाटत नाही याचे एक कारण हे आहे. हा भाग समजून घ्यायचा असेल तर चित्रासमोर केवळ सरळ उभे राहू नका. अगदी कडेला जाऊन तिरप्या नजरेने पृष्ठभाग पाहा. कोठे जाड आहे, कोठे रोलर फक्त विणीच्या उंचवट्यांवरून सरकला आहे, कोठे चकाकी आहे आणि कोठे रंग तेल शोषून कोरडा झाला आहे, हे तिरपे पाहिल्यावरच कळते. मुखपृष्ठावरच्या छपाईत किंवा फोनच्या पडद्यावर यातले काहीही येत नाही. सगळे थर एकाच शाईच्या पातळीवर येतात आणि आकार तेवढे उरतात. चित्र न पाहता छायाचित्र पाहणाऱ्यांचा ओढा प्रतीके शोधण्याकडे जास्त असतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

अवकाश म्हणजे मोकळी जागा, हा समज मात्र सोडून द्यावा. अंबादास खोब्रागडे यांची तैलचित्रे मिळतील तेथे पाहा. मूळचे अकोल्याचे, 1963 साली दिल्लीत प्रदर्शन भरवणाऱ्या ‘ग्रुप 1890’ या चित्रकारांच्या गटाचे सदस्य आणि नंतर नॉर्वेत स्थायिक झालेले अंबादास कॅनव्हासवर ब्रशचे पिळदार, वाहते फटकारे असे भरतात की रिकामी जागा जवळजवळ उरतच नाही. तरीही अवकाश आहे. तो थांबलेला नसून सतत वळत असतो, आणि नजरेला कोठेही टेकू देत नाही. गायतोंडे आणि अंबादास जवळजवळ समवयस्क, दोघेही विदर्भात जन्मलेले, दोघांच्याही हातात तैलरंग, आणि तरी एकाच्या चित्रात आपण थबकतो, तर दुसऱ्याच्या चित्रात वाहत जातो. सरांनी ‘अवकाश नाही आला’ म्हटले तर त्यांना एवढेच विचारा की चित्रातला कोणता आकार कशापासून सुटत नाही. उत्तर नेमके मिळेल, आणि दुरुस्तीही तेथेच करावी लागेल.

मराठीतून या विषयावर वाचायचे असल्यास प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ मिळवा. बरवे स्वतः तैलरंगापेक्षा एनॅमल रंग वापरीत, त्यामुळे त्यांच्या चित्रांतला अवकाश थरांच्या खोलीचा नाही. एखादे पान किंवा घड्याळ सपाट पृष्ठभागावर नेमक्या अंतराने मांडून ते तो निर्माण करीत.

प्रश्न : राझांच्या बिंदूविषयी मी बीज, शून्य, ब्रह्म असे बरेच काही वाचले आहे. आपण म्हणता तसे प्रतीकांचे अर्थ ठरलेले नसतील, तर हे सारे समीक्षकांनी चिकटवलेले समजायचे का? (अभियंता, नागपूर)

उत्तर : नाही. राझा यांच्या बाबतीत प्रतीक चित्रकारानेच जाहीर केलेले आहे, आणि ते तसे वाचणे योग्यच आहे. शाळकरी वयात मन एका जागी ठरत नव्हते म्हणून शिक्षकांनी भिंतीवर बिंदू काढून त्याच्याकडे पाहत बसायला लावले, ही हकीगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मध्य प्रदेशातल्या वनप्रदेशात वाढलेले राझा आपल्याच नागपूरच्या कला विद्यालयात शिकून मग मुंबईला जे. जे.मध्ये आले, 1950 साली पॅरिसला गेले, आणि तेथे दोन-अडीच दशके भूदृश्ये व त्यांची रूपांतरे रंगवल्यानंतर सत्तरीच्या दशकात त्यांच्या चित्रांत बिंदू ठळक झाला. चित्रांना त्यांनी ‘बिंदू’, ‘पंचतत्त्व’ अशी नावे दिली. काही चित्रांवर देवनागरीत ओळी लिहिल्या. 1981 सालच्या ‘माँ’ या चित्रावर तर अशोक वाजपेयी यांच्या कवितेची ओळ आहे. जेथे चित्रकार एवढ्या स्पष्टपणे बोलतो, तेथे आपण कानावर हात ठेवण्याचे कारण नाही.

मात्र अर्थ कळला म्हणून चित्र पाहून झाले, असे होत नाही. बिंदू म्हणजे बीज हे वाक्य राझांच्या प्रत्येक बिंदूला सारखेच लागू पडते, चित्रे मात्र सारखी नाहीत. एका चित्रात काळ्या वर्तुळाभोवतीची वलये बाहेरच्या बाजूला उजळत जातात आणि बिंदूतून प्रकाश सुटल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात भोवतालचे चौकोन इतके घट्ट बसतात की तोच बिंदू कोंडलेला भासतो. बीजाचा अर्थ पहिल्या चित्रात जाणवतो, दुसऱ्यात केवळ आठवतो. हा फरक जागेचा आहे, प्रतीकाचा नाही.

तैलचित्रांविषयीच्या या चर्चेत एक नोंद करायला हवी की राझा यांनी बिंदूच्या काळात मोठ्या प्रमाणावर अॅक्रिलिक वापरले. पन्नाशी-साठीतली त्यांची फ्रान्समधली तैलचित्रे जाड, खडबडीत, रंगांचे लोट एकमेकांत घुसलेली आहेत. प्रतीकाला स्वच्छ कड लागते, वर्तुळ वर्तुळच राहावे लागते. लवकर वाळणारे, सपाट बसणारे अॅक्रिलिक त्याला अधिक सोयीचे पडले असावे, असा माझा कयास आहे. वैयक्तिक आवड विचाराल तर मी त्या खडबडीत तैलचित्रांपुढे अधिक वेळ थांबतो. उत्तरकाळातल्या काही बिंदूंत भूमितीची पुनरावृत्ती जाणवते, आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांतून लावलेल्या असंख्य नकलांनी त्या प्रतीकाची धारही बरीच बोथट केली आहे. यात अर्थातच राझांचा दोष नाही.

प्रश्न : काळा रंग आपल्याकडे अशुभ मानतात. संपूर्ण काळ्या चित्राकडे मृत्यू किंवा शोक यांचे प्रतीक म्हणूनच पाहावे ना? (बँक कर्मचारी, सोलापूर)

उत्तर : आपल्याकडे संक्रांतीला हौसेने काळी साडी नेसतात आणि मंगळसूत्रात काळे मणी ओवतात, तेव्हा ‘आपल्याकडे’ही हा अर्थ सरसकट लागू नाही. युरोपात शोकाला काळे घालतात, आपल्याकडे पुष्कळ समाजांत पांढरे. राझा यांच्यासाठी काळा हा सगळ्या रंगांचा उगम होता. रंगाला कोशातल्यासारखा अर्थ देता येत नाही.

काळ्या चित्राचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कीव्हमध्ये जन्मलेल्या काझिमिर मालेविच यांचा ‘काळा चौकोन’. सुमारे 80 सेंटीमीटर बाजूच्या कॅनव्हासवर पांढऱ्या पट्टीत बसवलेला तैलरंगातला हा काळा चौकोन 1915च्या डिसेंबरात पेट्रोग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) ‘0,10’ या प्रदर्शनात मांडला गेला. तो इतर चित्रांच्या ओळीत लावलेला नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तेथे, छताजवळ तिरपा टांगलेला होता. रशियन घरांत या कोपऱ्यात देवप्रतिमा ठेवण्याची प्रथा होती. त्या काळच्या कोणत्याही रशियन माणसाला, दारातून आत येताच, देवाच्या जागी हे काय ठेवले आहे, हा प्रश्न पडणे अटळ होते. चौकोनात स्वतःमध्ये प्रतीक असे काही नाही. कोपऱ्याने त्याला प्रतीक केले. आज तेच चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात साध्या भिंतीवर पाहणाऱ्याला हा संदर्भ कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

चित्राच्या अवकाशाविषयीही येथे शिकण्यासारखे आहे. काळा रंग आता जागोजागी तडकला आहे आणि भेगांतून खालचे रंग डोकावतात. संग्रहालयाने 2015 साली जाहीर केलेल्या क्ष-किरण तपासणीत काळ्याखाली आणखी दोन रंगीत चित्ररचना आढळल्या. पूर्ण न वाळलेल्या थरांवर दुसरा थर चढवला की वरचा तडकतो, हे तैलरंगाचे साधे शास्त्र आहे. ‘कमी तेलाचा थर खाली, जास्त तेलाचा वर’ हा नियम कला विद्यालयांत शिकवतात तो त्यासाठीच. मालेविच यांना त्या भेगा अपेक्षित नसाव्यात. पण आज त्यांच्यामुळे तो चौकोन बंद झाकणासारखा न दिसता खाली काहीतरी असलेल्या पृष्ठभागासारखा दिसतो. शोक आठवण्याआधी त्या भेगा पाहाव्यात.

प्रश्न : बहुतेक अमूर्त चित्रांखाली ‘शीर्षकहीन’ असे का लिहिलेले असते? ही जबाबदारी टाळणे नव्हे का? (वाचक, पुणे)

उत्तर : ‘सायंकाळ’ असे लिहिले की आपण रंगांत संध्याकाळ शोधतो, ती सापडल्याचे समाधान मानतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. नाव न देणारा चित्रकार ही पळवाट बंद करतो. काही जण निव्वळ सवयीने नाव देत नाहीत, हेही खरे. व्यवहारात मात्र यामुळे घोटाळा होतो. गायतोंडे यांचे 2013 साली मुंबईतल्या ‘क्रिस्टीज’च्या लिलावात सुमारे 23.7 कोटी रुपयांना विकले गेलेले चित्र आणि 2021 साली ‘सॅफ्रनआर्ट’मध्ये 39 कोटींच्या पुढे गेलेले चित्र, दोन्ही ‘शीर्षकहीन’च. त्यामुळे साल, मापे आणि मागची सही यांवरूनच अशी चित्रे ओळखावी लागतात.

प्रश्न : आम्ही एका तरुण चित्रकाराकडून मोठे उभे तैलचित्र घेतले. सोफ्यावरची जागा आडवी असल्याने ते आडवे टांगले तर बिघडेल का? अमूर्तच असल्याने काय फरक पडतो, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : फरक पडतो, आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर वाचल्यावर तो का पडतो हे लक्षात येईल. उभे चित्र आडवे केले की त्यातले वर-खाली असलेले पट्टे क्षितिज होतात किंवा उभ्या भिंती होतात, तरंगणारे आकार कलंडतात, आणि वरच्या बाजूला मुद्दाम ठेवलेला हलकेपणा एका बगलेला जातो. चित्रकार हयात आहे, तर त्याला विचारून टाका. एरवी कॅनव्हासच्या मागे पाहावे. सही, साल आणि वरची बाजू दाखवणारा बाण तेथे असतो. गायतोंडे यांच्या अनेक चित्रांवर पुढच्या बाजूला सही नाही; मागे, देवनागरीतही, केलेली आहे, म्हणजे समोरच्या पृष्ठभागावर सहीचाही आकार येऊ नये. सोफ्यावरची जागा आडवीच असेल तर चित्र दुसऱ्या भिंतीवर न्यावे. सोफ्याला साजेसे चित्र बाजारात पुष्कळ मिळते.

टांगताना दोन गोष्टी पाहा. समोरून पडणारा झगझगीत दिवा वार्निशवर चमकतो आणि गडद भागांची खोली नाहीशी करतो. वरून, थोड्या तिरप्या कोनातून येणारा उजेड थरांची जाडी दाखवतो. थेट उन्हात चित्र लावू नये, कारण काही रंग उन्हाने फिके होतात. बाहेरच्या बाजूने ओल येणाऱ्या भिंतीवर तर ते मुळीच टांगू नये. आपल्या पावसाळ्यात कॅनव्हास ओलीने सैल पडतो, कोरड्या दिवसांत ताणतो, आणि या ओढाताणीत कडक झालेला तैलरंग तडकतो. अगदी अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षे ठेवल्यास जवसाच्या तेलामुळे फिकट रंग पिवळट पडतात, तेव्हा सौम्य उजेड असावा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी; ओले फडके, लिंबू किंवा बटाट्याची फोड असले घरगुती उपाय कटाक्षाने टाळावेत. चित्र नवे असेल तर वार्निश करण्याची घाई करू नये. ते किमान सहा महिने ते वर्षभर वाळू द्यावे आणि मग चित्रकाराच्याच सल्ल्याने करून घ्यावे.

आपल्याला आणि या अंकातल्या इतर पत्रलेखकांना मूळ चित्रे पाहायची असतील तर मुंबईत कावसजी जहांगीर सभागृहातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन दालन ही दोन ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. निकल्सन यांच्या संग्रहात गायतोंडे यांची तैलचित्रे आहेत, मात्र दालनातली मांडणी वेळोवेळी बदलते. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून सध्या कोणती चित्रे लावलेली आहेत याची चौकशी करावी, आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते हे लक्षात ठेवावे.